गहाण न पडणारं नाव

माझ्या वकिलीच्या शिक्षणाची फी फेणीतून आली. गोव्याच्या हद्दीलगत, महाराष्ट्रातल्या दोडामार्गच्या आमच्या माळकरी घरात ही गोष्ट कुणी चारचौघांत काढत नसे. पण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिलेल्या मावशीचे यजमान, आमचे काका, काजूचा हंगाम उरकला की येत आणि पैसे वडिलांच्या हातावर ठेवत. परतफेडीचं कुणी बोललं तर म्हणत, "बायचें शिकप जावंदी."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या भट्टीवर असायचे. काजूच्या बोंडूला झाडावर हात लावायचा नाही, पिकून आपोआप खाली पडला तरच उचलायचा, हा पहिला धडा. बिया काढून बोंडू 'कोळंबी' नावाच्या कुंडीत पायांनी तुडवायचे, रस मडक्यांत आंबू द्यायचा, मग भाणात, म्हणजे गाळपाच्या भांड्यात, चढवून खाली लाकडांचा जाळ. पहिल्यांदा उतरतो तो उर्राक. तो पुन्हा भट्टीवर चढला की फेणी. काकांकडे 'ग्राव', म्हणजे दारूची तीव्रता, मोजायची काचेची नळी होती. पण त्याआधी ते करवंटीत उंचावरून धार सोडत आणि बुडबुडे किती टिकतात ते बघत. बुडबुडे पटकन विरले तर माल परत भाणात. मनासारखे टिकले तरच नळी बुडवायची. आकडा 19-20च्या आसपास निघे. काका नळीकडे फारसं बघतही नसत.

माझी सनद नवी होती तेव्हा, 2009 साली, गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. भारतीय मद्यांत हा मान मिळवणारी ती पहिली. फ्रान्सने कोन्याकची हद्द 1909 सालीच आखली होती, मेक्सिकोने टकीलाला 1974 मध्ये असं संरक्षण दिलं. आपल्याकडे त्यासाठीचा कायदा झाला 1999 मध्ये आणि अमलात आला 2003 मध्ये. पडवीत बसून मी काकांना तो कलमाकलमाने समजावून सांगितला. खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, हे ऐकून ते नुसतेच हुंकारले. जागतिक व्यापार करारात मद्यांना जास्तीचं संरक्षण आहे. 'अमुक धर्तीचं' अशी पुस्ती जोडूनही दुसऱ्या मुलखाचं नाव बाटलीवर लावता येत नाही, यावर त्यांनी मान डोलावली.

खरे जागे झाले ते चोविसाव्या कलमाला. मानांकन विकता येत नाही, कुणाच्या नावे करून देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. काजूच्या पावणीत, म्हणजे लिलावात, बोली लावण्यासाठी मावशीच्या पाटल्या दर हंगामात सोनाराकडे जात, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. काका मावशीकडे बघून मोठ्याने हसले. "म्हणजे सावकाराक हातूच लावंक जायना!"

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. आमच्या दोडामार्गात तीच तांबडी माती, तेच काजू. पण हद्दीच्या अलीकडे गाळलेल्या दारूला फेणी म्हणायची सोय नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडे काजू आहेत, पण चार पिढ्या भट्टी लावणारी घरं किती आहेत ते सांग. कायद्याच्या पुस्तकात मी जे शोधत होते, ते त्यांनी असं एका वाक्यात दिलं. कायदा मातीचं नाव घेतो, पण राखायची असते ती त्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली रीत. म्हणून नोंदणीच्या अर्जात नकाशाबरोबर कृतीही लिहून द्यावी लागते.

नोंदणी झाली म्हणून काकांच्या भट्टीवर पैशांचा पाऊस पडला नाही. सरकारदरबारी फेणीची गणती बरीच वर्षं देशी दारूतच होती. वारशाचं मद्य म्हणून गोवा सरकारने तिला मान्यता दिली 2016 मध्ये, धोरण आलं 2021 मध्ये. शिवाय मानांकन गोव्याचं असलं, तरी कायद्याने ते वापरायचं तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव वेगळं नोंदवावं लागतं. रानातल्या भट्टीवाल्याला हे कोण सांगणार? काकांचा अर्ज मी भरला. त्यांची कृती त्यांच्याच तोंडून ऐकून उतरवून घेतली आणि त्यांनी माझ्या फीचा विषय काढला, तेव्हा परतफेडीचं बोलणाऱ्याला ते गप्प करत, तसं मीही त्यांना गप्प केलं. काका गेले. अधिकृत वापरकर्त्याचा हक्क त्याच्या वारसाकडे जातो, असं त्याच चोविसाव्या कलमात आहे. आता भट्टी मावसभाऊ लावतो.

माझ्या डोक्यावरचं ऋण एका अर्जाने फिटलं, असं मी मानत नाही. म्हणून मार्च ते मे गोव्यात जाणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती करते. फेणी घेणार असाल, तर ती कुठल्या गावच्या भट्टीची, हे दुकानदाराला विचारा आणि त्याला सांगता आलं तरच घ्या. नाव राखायला कायदा आहे. भट्टी पेटती ठेवणं गिऱ्हाइकाच्याच हातात आहे.