पाच सुया मोजल्या, पुढे?

बालमित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकात हिमालय आला की 'सूचिपर्णी वृक्ष' हमखास येतात. सुईसारख्या पानांची झाडं! पण या सुयांचीही वेगवेगळी घराणी असतात, बरं का!

आठवीतल्या भाचीबरोबर मी हिमाचलला गेलो होतो. तिथल्या वाटाड्या काकांनी आम्हाला युक्ती शिकवली. झाडावरचं काही तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. एका जुडग्यात तीन सुया असल्या तर चीड, पाच असल्या तर कैल. दोन्ही पाइनच. देवदाराच्या बुटक्या फांदीवर मात्र सुयांचा झुबकाच असतो. रई, म्हणजे स्प्रूसची सुई चौकोनी. चिमटीत ती सहज फिरते. तोष, म्हणजे फरची चपटी सुई तशी फिरत नाही. रईचे शंकू खाली लोंबतात. तोषचे ताठ उभे राहतात आणि झाडावरच सुटे होतात. म्हणून जमिनीवर अख्खा शंकू सापडला, तर तो बहुधा तोषचा नाहीच!

"मामा, सोप्पंय! पाच सुया म्हणजे कैल, संपलं!" भाची म्हणाली.

पण एवढ्यावर संपत नाही. आपला कैल 19व्या शतकात इंग्लंडला गेला. तिथल्या वेस्टनबर्टच्या वृक्षोद्यानात मेक्सिकोचा पांढरा पाइनही होता. वाऱ्याने कैलचे पराग त्याच्याकडे नेले. त्या बियांतून जी झाडं उगवली, त्यांना होल्फोर्ड पाइन म्हणतात. आई, बाबा, लेकरू, तिघांच्याही जुडग्यात पाचच सुया! मग ओळखायचं कसं? कैलची कोवळी डहाळी गुळगुळीत असते, मेक्सिकोच्या पाइनची लवदार. संकराची डहाळी लवदार, पण शंकू बराचसा कैलसारखा लांब. म्हणजे एक खूण पुरत नाही. सुई, डहाळी, शंकू, सगळं पाहावं लागतं.

"मग त्याला कैल म्हणायचं की मेक्सिकन?" भाचीने विचारलं.

"दोन्ही नाही. त्याला त्याचं स्वतःचं नाव आहे."

ती जरा गप्प झाली. तिची आई मराठी, बाबा तमिळ. शाळेत मुलं विचारतात, "तू नक्की कुठली गं?" घरी ती पुरणपोळीही मागते आणि रसमही.

"मामा," ती हसून म्हणाली, "आता कुणी विचारलं, तर मी सांगणार, आधी माझ्या सगळ्या खुणा बघा!"

दोस्तांनो, झाड असो की माणूस, एका खुणेवरून नाव ठरवायची घाई करू नका. दुसरी खूण बघा, तिसरीही बघा. गंमत तिथेच असते!