शाळेतच कॉलेजचे क्रेडिट

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. तिची लेक पुढच्या वर्षी अकरावीत जाणार. शाळेत तीन एपी विषय घ्यायचे ठरत होते. बहिणीला कॉलेजच्या फीची काळजी, तर भाचीला अभ्यासाच्या ओझ्याची. "खाला, अम्मीला तुम्हीच सांगा," ती फोनवर म्हणाली.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेतच कॉलेजच्या दर्जाचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची. गुण 1 ते 5. पुष्कळ कॉलेजे 3 गुणांना क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही, त्याची फीही वाचते. काही कॉलेजे 4 किंवा 5 मागतात. काही क्रेडिट न देता फक्त वरच्या वर्गात बसवतात. दुसरी वाटही आहे: शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा एखादा विषय पुरा करायचा. तिथे सारे एका परीक्षेवर नसते. पण गुण कमी पडले तर ते कॉलेजच्या नोंदीत राहतात.

आपल्याकडे बारावीचे गुण प्रवेश मिळवून देतात, बी.ए.चा एक पेपरही कमी करीत नाहीत. म्हणून ही सोय मला आवडली. तरी बहिणीला म्हटले, "आधी कॉलेजांची यादी कर. कोण किती गुणांना काय देते ते बघ. जिथे क्रेडिट मिळणारच नाही, त्यासाठी पोरीला रात्र रात्र का जागवायची?"

यादी झाली. भाचीने दोनच विषय घेतले, दोन्ही आवडीचे. फीची काळजी पुरती मिटली नाही. पण आता मायलेकी हिशेब एकत्र बसून करतात.