ढिम्म काटा

सकाळी साडेसहा. बांगड्या काढल्या, केसांतला चिमटाही काढला आणि श्वास रोखून काट्यावर उभी राहिले. ७२.४. गेल्या रविवारी ७२.४, त्याच्या आधीच्या रविवारीही तेच.

रात्रीचं जेवण साडेसातला, चहा बिनसाखरेचा, भाताऐवजी ज्वारीची भाकरी, रोज पर्वतीची टेकडी. आणि हा ढिम्म! रडूच आलं. वाटलं, गेलं खड्ड्यात, आज साबुदाणा वडेच तळते.

मग आठवलं, काल मावशीकडे पापड-लोणचं दाबून खाल्लं होतं. मीठ पाणी धरून ठेवतं. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागेही सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. काटा काही नुसती चरबी मोजत नाही. पाणी, पोटातलं अन्न, सगळं एकाच आकड्यात कोंबतो. शिवाय वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्चही घटतो, मग जुना हिशेब लागू पडत नाही. कळतं सगळं, पण वळत नाही.

धुसफुसतच पर्वती गाठली. १०३ पायऱ्या. जूनमध्ये मध्येच दोनदा टेकावं लागायचं. आज वर पोचल्यावर लक्षात आलं, कुठेच थांबले नाही. घरी येऊन सलवारीची नाडी बांधली, तर गाठीपुढे चांगली वीतभर उरली.

काट्याला ही वीत दिसत नाही. त्याची रवानगी पलंगाखाली केली. आता एक तारखेलाच भेटू.