राणीसाहेबांचे कुळ

मुलीने माल्टात नोकरी धरली आणि नातीला सांभाळायला आम्ही दोघे भूमध्य समुद्रातल्या त्या चिमुकल्या बेटावर जाऊन राहिलो. प्रत्यक्षात सांभाळावी लागली ती कुत्री.

"फॅरो हाउंड आहे, बाबा," जावई म्हणाले. "इजिप्तच्या थडग्यांत हिचेच पूर्वज चितारलेत म्हणे!"

कुळाचा अभिमान आम्हां कोकणस्थांच्या हाडीमाशी खिळलेला. आमचा कुलवृत्तांत कसाबसा तीनशे वर्षे मागे जातो. हिचा पाच हजार! मी लगेच तिचे नाव 'राणी' ठेवले आणि पुण्यातल्या झाडून साऱ्या नातेवाइकांना तिचे फोटो धाडले. तांबूस अंग, उभे कान, मधाच्या रंगाचे डोळे. आणि आनंद झाला की नाक आणि कान चक्क गुलाबी! लाजणारे कुत्रे मी जन्मात प्रथमच पाहिले.

माल्टाचे लोक मात्र तिला 'केल्ब ताल-फेनेक' म्हणतात. म्हणजे सशांचा कुत्रा. शेतांच्या दगडी गडग्यांत ससे लपतात. रात्री ही कुत्री वास घेत, कानोसा घेत गडग्यांच्या कडेने फिरतात आणि ससा सापडला की भुंकतात. मग शिकारी बिळाच्या तोंडांवर जाळी लावून गळ्यात घुंगरू बांधलेला मुंगसासारखा फेरेट आत सोडतो.

एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, २००४ साली शास्त्रज्ञांनी कुत्र्यांची जनुके तपासली. ही जात काही फॅरोंच्या काळापासून चालत आलेली नाही. अलीकडचीच आहे." १६४७ साली आबेलाने माल्टाच्या वर्णनात सशांच्या शिकारीत नावाजलेल्या इथल्या कुत्र्यांचा उल्लेख केला आहे, एवढाच काय तो आधार उरला. पुण्याला आता काय तोंड दाखवू? दोन दिवस मी राणीशी अबोला धरला.

तिसऱ्या रात्री फाटकाची कडी लावायला मी विसरलो. राणी गेली! एका अंगाला मोटारींचा रस्ता, दुसऱ्या अंगाला समुद्रावरचा कडा. मी बॅटरी घेऊन "राणी, राणी" करत धावलो. घसा बसला. पाच हजार वर्षे त्या वेळी आठवलीसुद्धा नाहीत. अखेर शेजारचा म्हातारा शेतकरी कंदील घेऊन आला.

"हाका मारू नका," तो म्हणाला. "ससा लागला की तिला नाव ऐकू येत नाही. तुम्हीच ऐका."

आम्ही उभे राहिलो. वाऱ्यावरून एक भुंकणे आले. गडग्याच्या फटीत नाक खुपसून राणी उभी होती. मला पाहताच तिचे कान गुलाबी झाले.

घरी तिच्या पंजातले काटे काढता काढता ही म्हणाली, "आता कुलवृत्तांत मागणार का तिच्याकडे?"

माझे कान गरम झाले. गुलाबी झाले की नाही, ते राणीलाच ठाऊक.