वाघ किती?

मी वस्तुसंग्रहालयात नोकरीला लागलो तेव्हा यमूमावशीने पहिला प्रश्न विचारला, "वाघ किती रे तुमच्याकडे?"

हसण्यात अर्थ नव्हता. मुंबईला राणीच्या बागेत प्राणिसंग्रहालय आणि 1872 साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय (आता ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे आहे) शेजारीशेजारी. शिवाय घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच! पिंजरे कुठे संपले आणि कपाटे कुठे सुरू झाली, हे बिचारीने ओळखावे कसे?

"वाघ नाहीत गं, लघुचित्रं आहेत."

"म्हणजे पोरांनी काढलेली?"

पुढे यथावकाश मी तिथला प्रमुख झालो. डोळ्यांपुढे डॉ. मोतीचंद्र. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची खुर्चीही सांभाळली आणि जैन लघुचित्रांवर ग्रंथही लिहिला! माझ्या वाट्याला आला किल्ल्यांचा जुडगा, वाळवी आणि "पाणी कुठं मिळेल हो?" विचारणारे रसिक. वीस वर्षांचे संशोधन म्हणजे एकच लेख. आमच्याकडची तोडी रागिणी साधारण 1700 सालची, हे मी तिच्या घागऱ्याच्या घेरावरून आणि मागच्या झाडांच्या पानांवरून सिद्ध केले होते. 'निःसंशय' हा शब्द चार वेळा वापरून.

एका जुलैत छप्पर गळले. रात्री मी आणि आमचा शिपाई बादल्या लावत, चित्रे उतरवत होतो. तोडीच्या चौकटीची पाठ भिजून फुगलेली, म्हणून ती काढली. चित्राच्या मागे अक्षरे!

"संवत् 1836," शिपायाने वाचले. "साहेब, यातनं सत्तावन्न वजा करायचे ना? तुम्हीच शिकवलंत."

मीच शिकवले होते. 1779.

अशा मजकुरात पुष्कळदा दरबारच्या कोठीतली नोंद असते, चित्राहून कितीतरी नंतरची. मी त्या आशेवर भिंग लावले. पण चितारी, त्याचे नाव आणि साल एकाच ओळीत, एकाच हातचे.

"नवी पाठ ठोकू?" शिपायाने विचारले. चार खिळ्यांचे काम. माझी विद्वत्ता पूर्ववत!

तीन दिवस चित्र माझ्या टेबलावर उघडेच राहिले. चौथ्या दिवशी मी दुरुस्ती लिहून पाठवली. ती छापून आली, शुद्धिपत्राच्या खाली, चार ओळींत.

त्यानंतर मावशी एकदाची संग्रहालय बघायला आली. तोडीसमोर बराच वेळ थांबली. वीणा घेतलेली ती बाई आणि तिच्याभोवती जमलेली हरणे.

"काय रे, इतकी वर्षं प्राणी नाहीत म्हणून सांगत होतास!"