कुत्रा भराभरा जेवतो? कौतुक नको, उपाय करा

"डॉक्टर, ताटली ठेवली की दोन मिनिटांत चाटूनपुसून साफ! बघणाऱ्याला वाटेल, आम्ही याला उपाशीच ठेवतो." मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी नेहमी ऐकतो, आणि बहुतेक जण ते हसत हसत सांगतात. भूक चांगली आहे, याचं कौतुक असतं. मला मात्र काळजी वाटते. का, ते सांगतो.

कुत्रा मुळातच फारसा चावून खात नाही. त्याचे दात तोडण्यासाठी असतात, दळण्यासाठी नाहीत. त्यातून ज्या पिल्लाला भावंडांशी चढाओढ करून खावं लागलं किंवा जे रस्त्यावरून घरी आलं, त्याची घाईची सवय सहज जात नाही. लॅब्रेडॉरची गोष्ट आणखी वेगळी. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. त्यामुळे 'हावरट' म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नाही. मात्र शांतपणे जेवणारा कुत्रा अचानक अधाशी झाला, तर तपासून घ्या. जंत, मधुमेह, कुशिंगचा आजार किंवा स्टिरॉइडची औषधं यामुळेही भूक वाढते.

भराभर गिळताना अन्नाबरोबर हवाही पोटात जाते. मग ढेकर, गॅस, न पचलेलं अन्न तसंच बाहेर पडणं, कधी घास अडकणं. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना याहून मोठा धोका असतो. जठर फुगतं, पीळ पडतो आणि रक्तपुरवठा तुटतो. गेल्या पावसाळ्यात भांडुपहून असाच एक डॉबरमन आला होता. रात्री जेवल्यानंतर तो नुसता ओकाऱ्या काढत होता, बाहेर काहीच पडत नव्हतं. अपचन समजून घरच्यांनी ओव्याचं पाणी दिलं आणि सकाळची वाट पाहिली. सकाळी आमच्या हातात काही उरलं नव्हतं.

म्हणून ही लक्षणं पाठ करा: कोरड्या ओकाऱ्या, ढोलासारखं ताणलेलं पोट, लाळ, अस्वस्थ येरझारा, पांढुरक्या हिरड्या. अशा वेळी घरगुती उपाय नकोत. मध्यरात्र असली, तरी शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. आपल्या उपनगरांत बरेच दवाखाने रात्री बंद होतात. जवळचं कोणतं रुग्णालय उघडं असतं, ते आजच विचारून नंबर फोनमध्ये ठेवा.

आता वेग कमी कसा करायचा?

दिवसाचं अन्न तेवढंच ठेवा, पण एकदम देण्याऐवजी दोन-तीन वेळांत विभागून द्या. खोल भांड्याऐवजी मोठ्या परातीत पसरून वाढा. माळ्यावरचं जुनं आप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात थोडे दाणे टाकले, की गडी आपोआप हळू होतो. भांड्याच्या मधोमध जड स्टीलची वाटी उपडी ठेवली, तरी चालते. खास नक्षीची भांडी बाजारात मिळतात, पण ती घेतलीच पाहिजेत असं नाही.

घरात दोन कुत्री असतील, तर वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घाला. इमारतीखालच्या कुत्र्यांनाही एकाच ढिगात न वाढता लांब लांब वाढा. भांडणंही कमी होतात. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालू नका, मुलांना तर मुळीच घालू देऊ नका. 'कोणीतरी हिसकावणार' या भीतीनं तो आणखी घाई करेल, कदाचित चावेलही. आणि मोठ्या कुत्र्याचं भांडं स्टुलावर ठेवत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, उंचावरच्या भांड्यातून जेवणाऱ्यांत पोट फुगण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं.

आज रात्री घड्याळ लावून बघा, तुमचा कुत्रा किती वेळात जेवतो. उद्या परातीत वाढून पुन्हा मोजा. फरक तुम्हालाच दिसेल.