किटलीतला चहा आणि माझ्या चुका

पहिली चूक दुकानातच झाली. इंग्रजी पद्धतीचा चहा करायचा म्हणजे महागातली महाग पत्ती आणायची, असं मी धरूनच चालले होते. राहनाळला आमच्या भातशेतीवर गोदाम उभं राहिलं, भाडं सुरू झालं, घरात चिनीमातीची किटली आणि नाजूक कपबशा आल्या. त्यात रोजचाच चहा ओतायचा हे मला पटेना. म्हणून ठाण्याहून दार्जिलिंगची पहिल्या खुडणीची पत्ती आणली. आणि केलं काय? आधण ठेवलं, पत्ती-साखर टाकली, म्हशीचं दूध ओतलं आणि चांगल्या उकळ्या काढल्या. चहा तुरट झाला, दूध सगळ्यावर चढून बसलं. दुकानदाराने फसवलं, असं मी चार बायकांना सांगून आले. त्याने माल चोख दिला होता. ते बोलणं मला अजून बोचतं.

ती पत्ती दुधाची नव्हतीच. पाण्याची उकळी मोडली की त्यात तीनेक मिनिटं मुरवायची आणि तशीच प्यायची, तर तिचा वास कळतो. ब्रिटनमध्ये घरोघरी दूध घालून पितात तो चहा वेगळा. त्याला आसामची, केनियाची दणकट पत्ती लागते. माझी भाची लीड्सला नर्स आहे. तिला फोनवर विचारलं तर म्हणाली, “मावशी, हा चहा इथे गवंडी, ड्रायव्हर, आम्ही नर्सा, सगळेच पितो. एवढी नाजूक पत्ती कशाला आणलीस?”

मला हा चहा बड्या घरचा वाटत होता, त्याला कारण आहे. आपल्याकडे तो साहेबाच्या टेबलावरूनच आला. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे अशी मंडळी जमली आणि तिथे चहा-बिस्किटं दिली गेली. गोपाळराव जोश्यांनी ते बाहेर फोडलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. ज्या चहावरून एवढा गहजब झाला, तो आज अंजूरफाट्यावर ट्रकचा क्लीनर उभ्या उभ्या पितो. तरीही किटली दिसली की मला साहेबच आठवायचा. पत्ती कोणती आहे, तिला काय हवं आहे, हे बघायचं सोडून मी मोठेपणा बघत होते. बाकीच्या चुका त्यातूनच आल्या.

भाचीने सांगितल्यावर घरातली रोजचीच आसामची दाणेदार सीटीसी घेतली. पत्ती दाणेदार करण्याची ही रीत १९३० च्या सुमारास आसामातच निघाली. दातेरी रुळांमधून पान चिरडलं, फाडलं, गोल वळवलं जातं, म्हणून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. मला वाटलं, जितका वेळ मुरेल तितका चांगला. किटली झाकून शेजारणीशी बोलत बसले आणि ओतला तेव्हा जीभ आवळून आली. दाणेदार पत्तीला तीन मिनिटं पुरतात, मोठ्या पानाला चार-पाच. चहा पारखणाऱ्यांसाठी आयएसओने १९८० साली काढलेलं एक मानक आहे. त्यात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं धरली आहेत. पण ते पत्तीचे गुणदोष उघडे पाडण्यासाठी आहे, पाहुण्यांना पाजण्यासाठी नाही.

पाण्याकडे तर माझं लक्षच नव्हतं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. कपात वर तवंग यायचा, तो मी दुधाचा समजत होते. जड पाण्यातला चुना आणि चहातला अर्क यांची ती साय असते. नळाचं ताजं पाणी घेतल्यावर ती गेली.

सगळ्यात वाईट वाटतं ते सुकटीचं. अगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुकट, बोंबील, जवळा भरून ठेवला होता, त्याच कपाटात खालच्या खणात चहाचा पुडा. पुड्याचं तोंड नुसतं दुमडलेलं. चहाची पत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते, आणि पावसाळ्यात ओलही. बहिणीचे व्याही आले तेव्हा मी हाच चहा किटलीतून दिला. त्यांनी एकेक घोट घेऊन कप खाली ठेवले. मी मनात म्हटलं, यांना सवय नाही, यांना काय कळणार! ते गेल्यावर मी स्वतः प्यायले. घराला मासळीच्या वासाची सवय, म्हणून मला करताना तो आला नव्हता. माणसं भिडेखातर गप्प राहिली होती आणि मी त्यांनाच अडाणी ठरवून मोकळी झाले होते. बहिणीकडे मी हे कबूल केलं, त्यांच्याकडे अजून केलेलं नाही.

आता पत्ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्यांपासून आणि सुकटीपासून लांब असते. किटली आधी गरम पाण्याने विसळून घेते, नाहीतर थंड चिनीमाती पाण्याची धग खाऊन टाकते. कपामागे एक चमचा पत्ती, त्यावर खळखळतं पाणी, आणि घड्याळ समोर. दूध गाईचं, तापवून गार केलेलं, साय गाळून, चमचा-दोन चमचेच. ते आधी घालावं की नंतर, यावर इंग्रज अजून भांडतात. आपल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली चहाचे अकरा नियम लिहिले, त्यात तो नंतर घाला म्हणतो. मीही नंतरच घालते, कारण रंग बघून हात आवरता येतो. आलं, गवती चहा यात नको. ते आपल्या उकळीच्या चहात शोभतात आणि तो चहा सकाळी आमच्याकडे होतोच.

दुसऱ्या कपासाठी पत्ती किटलीतच ठेवायची खोड बरेच दिवस गेली नाही. पहिला कप छान, दुसरा कडू. आता वेळ झाली की सगळाच चहा दुसऱ्या गरम भांड्यात गाळून घेते, मग पाहुणे गप्पांत कितीही रमले तरी चालतं.